कोरडी खुंटी

१२ जानेवारी

धाकट्या,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच टाकून देशील, अशी मला खात्री होती. म्हणून वरचा पत्ता बँडमास्तरांकडून लिहून घेतला. लबाडी म्हण हवं तर. निदान इथपर्यंत वाचलंस.

बावीस वर्षांनी पत्र लिहायला बसलं की कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही. ‘कसा आहेस’ हे विचारायचा हक्क मी केव्हाच घालवला आहे. तेव्हा सरळ कामाचं लिहिते. कामाचं बोलताना आपण दोघं कधी अडखळलो नाही.

बँडमास्तरांनी एक हॉर्न आणून दिलाय. आपल्याच कारखान्यातला, बाबांच्या हातचा, तू घर सोडलंस त्याच वर्षीचा. सगळे सूर ठणठणीत आहेत, पण मधला एकच सूर धरला की डळमळतो. वाजवणारा बिचारा ओठ आवळतो, दम वाढवतो, सूर थरथरतो आणि शेवटी खालच्या सुरावर जाऊन आपटतो. मास्तर म्हणाले, या एका सुरापायी तीन वाजवणारे बदलले आणि तिघांनाही उगाच शिव्या घातल्या.

मी काय काय केलं ते सांगते, म्हणजे तू तेच पुन्हा सांगणार नाहीस. आधी वरचं लाखेचं पॉलिश खरवडून काढलं, कारण जाड थर बसला की भोंगा दबून बोलतो. काही झालं नाही. भोंग्याच्या काठात दुमडलेली तार काढून बारीक तार घातली. आवाज जरा मोकळा झाला, पण तो सूर तसाच. मग भोंगा भट्टीत लाल करून नरम केला, मोगरीने ठोकून पुन्हा कडक केला. दोनदा. माझा उजवा खांदा अजून दुखतोय.

बाबांनी नखाने टिचकी मारून ऐकलं आणि निकाल दिला, “पत्रा थकलाय. तांबं जास्त असलेला पत्रा घे आणि नवा भोंगा ठोक.” त्यांचं तुला ठाऊकच आहे. पिवळं पितळ चढ्या आवाजाचं, तांबूस पितळ भारदस्त, पातळ पत्रा लगेच तडकून बोलणारा, जाड पत्रा आळशी. त्यांच्या लेखी जे काही आहे ते धातूत आहे. आणि तू म्हणायचास की वाजते ती आतली हवा, धातूचं काम फक्त तिला आकार देण्याचं. “मग कागदाचा कर्णा करून दाखव,” असं ते चिडून म्हणाले, तर तू खरंच पुठ्ठे चिकटवून केलास. तो वाजलाही. बाबा चार दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. आता तू मोठ्या कारखान्यात प्लास्टिकचे ट्रंपेट काढतोस म्हणे, लाल-निळे. हे मी बाबांना सांगितलेलं नाही. आजारी माणसाला एवढा धक्का बरा नव्हे.

हो, आजारी आहेत. उभा जन्म पितळेची भुकटी श्वासातून आत गेली, ती आता छातीत बसली आहे. डॉक्टर दर मंगळवारी येऊन पाणी काढतात आणि दाराबाहेर नेऊन मला म्हणतात, उन्हाळा निघेलसं वाटत नाही.

गैरसमज नको. तुला बोलवायला मी लिहीत नाहीये. तू आलास तरी ते तुला खोलीत घेणार नाहीत. अजून तुझं नाव घरात निघत नाही. तापलेलं शिसं उसळून त्यांचे डोळे गेले, नळी ओली ठेवल्याचा ठपका तुझ्यावर आला, तू घर सोडलंस. त्या दिवशी कुणी काय केलं ते उकरून काढण्यात आता अर्थ नाही. मला तरी त्यात रस नाही.

हॉर्नचं काय ते कळव.

ताई


३ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी, वर मायना नाही, खाली नाव नाही. तुझा हा हेकटपणा बघून मला चक्क बरं वाटलं, माणूस बदललेला नाही म्हणून.

“भोंग्याच्या मागे लागू नका. नळीतून गोळी सोडा.” लाजच वाटली. हे मला का सुचू नये? धातूत खोट असती तर सगळेच सूर कमी-जास्त बिघडले असते, एकच सूर लंगडतोय याचा अर्थ त्या सुराची लहर जिथे आवळते तिथे वाटेत काहीतरी बसलंय, असं तू लिहिलंस. लहानपणी तू हेच दोरी हलवून समजवायचास आणि मी दोरी सोडून पळायचे.

सायकलच्या छऱ्यांतली नळीच्या मापाची एक गोळी शोधली, तेल लावलं, आत सोडली. पहिल्या वळणातून खुळखुळत गेली. दुसऱ्या वळणात टक् करून थांबली. हलवलं, फुंकलं, उलटं केलं, गोळी जाईना. मग जोड तापवून उकलला आणि आरसा धरून पाहिलं. आतल्या बाजूला शिशाचा एक थेंब चिकटलेला होता. मसुरीच्या दाण्याएवढा. नळी वाकवण्यासाठी आत शिसं ओतायचं, थंड झालं की वाकवायचं, पुन्हा तापवून शिसं गाळून घ्यायचं. त्या गाळण्यात राहून गेलेला थेंब. सगळं शिसं निघालं की नाही हे बघायचं काम त्या काळी माझं होतं. तू हे लिहिलं नाहीस, पण तुला आठवलं असणारच.

थेंब खरवडून काढला, जोड पुन्हा झाळला आणि मास्तरांना निरोप पाठवला. ते आले, वाजवला. तो सूर असा निघाला की जणू कधी अडलाच नव्हता. मास्तरांसारखा रांगडा माणूस, त्याने तोंड फिरवून डोळे पुसले. तिघांना घातलेल्या शिव्या आठवल्या असतील.

आतल्या खोलीतून बाबांनी हाक मारली.

“काय केलंस?”

“नळीत शिसं राहिलं होतं. काढलं.”

“गोळी सोडलीस?”

“हो.”

त्यांचा श्वास वाजला, भात्याला भोक पडल्यासारखा. मग म्हणाले, “हे तुझ्या डोक्यातलं नाही. कुठे असतो तो?”

बावीस वर्षांत पहिल्यांदा. मी तुझा पत्ता सांगितला. तोंडपाठ आहे, हे माझ्याही तेव्हाच लक्षात आलं. ते भिंतीकडे वळले. चहा तसाच गार झाला.

तुला हे कळावं म्हणून लिहिलं. बाकी काही मागणं नाही.

ताई


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता चौथ्यांदा, आणि यावेळी न थांबता लिहिते.

नळी मी भिजवली होती.

कोरडी खुंटी काय हे तुला सांगायला नको. तरी लिहायला हवं, कारण तिच्यावाचून माझा अपराध पुरता कळत नाही. अ‍ॅसिडच्या टाक्यातून काढलेली नळी धुवायची, भट्टीवर धरून आतून-बाहेरून वाळवायची आणि मगच खिडकीजवळच्या त्या खुंटीला लावायची. त्या खुंटीवरची नळी कोरडी की ओली हे कुणी कुणाला विचारायचं नाही, हा आपल्या घरचा नियम. आईच्या वेळेपासूनचा. ज्याने खुंटीला लावली त्याने शब्द दिला, असं बाबा म्हणायचे. ओल्या नळीत तापलेलं शिसं पडलं की काय होतं, हे आपण चालायला शिकलो तेव्हापासून ऐकत आलो होतो.

तू त्या सकाळी नळी वाळवली होतीस. मी पाहिलं होतं. पाऊण तास भट्टीवर धरून उभा होतास, हात बदलत, चटका बसला की तोंडातल्या तोंडात बोलत. खुंटीला लावलीस आणि मास्तरांकडे ट्रंपेट पोचवायला गेलास.

मी झाडायला आले तेव्हा नळीच्या तोंडाशी हिरवा डाग दिसला. अ‍ॅसिड नीट धुतलं गेलं नाही, असं वाटलं. तुला बाबांची बोलणी बसू नयेत म्हणून, हो, तुझी बाजू राखायला म्हणून, मी नळी काढली, अंगणातल्या नळाखाली धरली, डाग चोळला. दोनदा झटकली, फडक्याने बाहेरून पुसली. तेवढ्यात खोकेवाला दारात आला. वाद्यांचे खोके करायचा तो. माप घ्यायला आलो म्हणाला, आणि माप घ्यायला तो आठवड्यातून तीनदा का येतो हे घरात फक्त तुला आणि मला ठाऊक होतं. मी गडबडले. आणि जिथून काढली होती तिथेच नळी परत लावली. हात आपणहून तिकडे गेला. विसरले असं म्हणणंही खरं नाही, कारण त्या क्षणी ती ओली आहे हे मनात आलंच नाही. खुंटीवरून घेतली, खुंटीवर ठेवली, बस.

मी दारात त्याच्याशी बोलत असताना आतून आवाज आला. फार मोठा नव्हता. झाकण उडाल्यासारखा. बाबा नेहमीप्रमाणे नळीत वाकून बघत होते, शिसं कुठवर आलंय ते.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण तू एक गोष्ट पोटात ठेवली असशील तीही लिहून टाकते. दवाखान्यात बाबा तुला म्हणाले, “नळी ओली होती. वाळवायचं काम तुझं होतं.” तू म्हणालास, मी वाळवली होती. ते म्हणाले, “खोटं बोलणाऱ्याला माझ्या कारखान्यात जागा नाही.” तेव्हा तू माझ्याकडे वळून विचारलंस, “ताई, तू बघत होतीस ना, मी भट्टीवर धरली होती?”

आणि मी म्हटलं, “माझं लक्ष नव्हतं.”

नळी भिजवली ती चूक होती. दवाखान्यात म्हटलं ते खोटं होतं. चूक क्षणाची होती, खोटं मी बावीस वर्षं रोज नव्याने बोलत आले.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही.

ताई


१४ मार्च

धाकट्या,

“मला सांगून काय उपयोग. त्यांना सांग. ज्या दिवशी सांगशील त्या दिवशी निघतो.”

तुझ्या या तीन वाक्यांनी माझी झोप उडवली आहे. तू आरडाओरडा केला असतास, चार पानं शिव्या लिहिल्या असत्यास, तर सोपं गेलं असतं.

अजून सांगितलेलं नाही. कारणं लिहिते, पटली तर बघ. डॉक्टरांनी आता मंगळवारबरोबर शुक्रवारही धरला आहे. बाबांना आडवं झोपता येत नाही, उशांना टेकून बसूनच डुलकी काढतात. पातळ खाणं चमच्याने भरवावं लागतं, आणि भरवणारी मी एकटी. त्या माणसाने मी सांगितल्यावर माझ्या हातून खायचं नाकारलं तर? तू पाचशे मैलांवर आहेस. मी चमचा घेऊन कुणाकडे जाऊ?

हे खरं आहे आणि हे खरं नाही. खरं कारण एवढंच की मला भीती वाटते. पन्नाशी कधीच ओलांडली, हातोडी धरून हाताला घट्टे पडलेत, आणि बापाची भीती वाटते. हस हवं तर.

सोमवारी ठरवून गेले होते. दाढी करता करता सांगायचं, म्हणजे ते मान हलवू शकणार नाहीत. साबण लावला, वस्तरा उचलला आणि मग वाटलं, वस्तरा हातात असताना नको. दोघांपैकी कुणाचा भरवसा मला वाटत नव्हता, ते सांगता येत नाही. गुरुवारी नखं कापताना सांगणार होते. तेव्हा ते मला आपण होऊन भोंगा कसा ऐकायचा ते सांगू लागले. हातोडीने ठोकलेला पत्रा आणि लेथवर दाबून काढलेला पत्रा, जाडी तीच, माप तेच, तरी टिचकीला वेगळे कसे बोलतात. एवढं लांब ते महिन्यात बोलले नव्हते. मी नखं कापत राहिले.

आणि तू विचारशील असं नाही, पण खोकेवाल्याचं सांगते. तो तीन वर्षं थांबला. मी त्याला म्हणायचे, बाबांना एकटं टाकून कशी येऊ? तो म्हणायचा, बाबांनाही घेऊ, माझ्या घरात एक खोली रिकामी आहे. चांगला माणूस होता. मला हो म्हणताच येईना. ज्यांचे डोळे मी घालवले त्यांच्यासमोर मी सुखाने नांदायचं, हे माझ्याच्याने होईना, आणि हे कारण त्याला सांगायचीही सोय नव्हती. चौथ्या वर्षी त्याने दुसरीकडे लग्न केलं. त्यानंतरही खोके त्याच्याकडूनच घेत होतो. माप तो पत्राने मागवायचा.

सांगेन. घाई करू नकोस.

ताई


२ एप्रिल

धाकट्या,

पाकिटात तुला एक चौकोनी घडीचा कागद मिळेल. बाबांनी सांगून लिहून घेतलेला. तो आधी वाचला असशील तर बाजूला ठेव आणि हे वाच. त्या कागदात लिहिलंय की त्यांना सगळं आत्ताच कळलं, इतकी वर्षं ते फसले होते, आणि तू यावंस.

सांगितलं मी. परवा सकाळी, हातात काहीही न घेता, स्टुलावर बसून.

“बाबा, नळी मी भिजवली होती.”

कुठली नळी, असं त्यांनी विचारलं नाही. मला वाटलं, ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणणार होते तेवढ्यात ते म्हणाले, “नळाचा आवाज आला होता मला.”

“कधी?”

“त्या दिवशी. मी शिसं ढवळत होतो. अंगणातला नळ दोनदा करकरला, उघडताना एकदा, बंद करताना एकदा. तो तर ट्रंपेट द्यायला गेला होता. मग राहिलं कोण?”

“मग शिसं ओतलंत कशाला?”

“तेव्हा कानावर पडलं, डोक्यात शिरलं नाही. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी शिरलं. डोळ्यांवर पट्टी बांधून पडलेला माणूस दुसरं काय करणार? ऐकलेलंच पुन्हा ऐकत राहतो.”

मी बोटांवर दिवस मोजले, धाकट्या. लहान मुलासारखे खरंच बोटांवर मोजले. तुला त्यांनी हाकललं ते सहाव्या दिवशी.

“तो तुमच्यासमोर आला तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं.”

“आणि मी, माझं लक्ष नव्हतं, म्हणाले तेव्हा?”

“तू तसंच म्हणशील असं वाटलंच होतं.”

का, असं मी विचारलं. आवाज चढला असेल, कारण ते जरा मागे सरले. मग त्यांनी सांगितलं, थांबत थांबत, मध्ये खोकत. पण शब्द एकही चाचपडला नाही. इतकी वर्षं घोळवलेले असणार. डॉक्टरांनी त्यांना पाचव्या दिवशी सांगितलं होतं की दृष्टी परत यायची नाही. तू आज ना उद्या जाणारच होतास, तुला त्यांचं कामच पटत नव्हतं. तू आंधळ्या बापाला धरून बसणारा नव्हेस. “आणि तू खोकेवाल्याकडे निघाली होतीस,” ते मला म्हणाले. त्यांना तेही ठाऊक होतं. “तुला बोललो असतो तर तू रडली असतीस. मला माफ करावं लागलं असतं. माफ केल्यावर तुला धरून ठेवायला माझ्याकडे काय उरलं असतं? वर्षभरात गेली असतीस. पोटात घेऊन बसलीस म्हणून राहिलीस.”

आधी राग नाही आला. आधी लाज वाटली, कुणीतरी चोरून बघत होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता, तशी. बावीस वर्षं मी त्यांच्या उशा नीट करत आले, आणि प्रत्येक वेळी मनात म्हणत आले की हे फेडायचंय. ते ऐकत होते. त्यांना माझ्या पावलांत ते ऐकू येत असणार, ज्याला पत्र्याची जात टिचकीत कळते त्याला.

राग नंतर आला. त्यांनी पाणी मागितलं, मी पेला भरला आणि त्यांच्या हातात न देता स्टुलावर ठेवला, त्यांचा हात पोचणार नाही असा. ते हवेत चाचपत राहिले. मी बघत राहिले. दहा मिनिटांनी मीच उठून पेला जवळ सरकवला. हे मी आयुष्यात कुणाला सांगितलं नसतं. तुला सांगते.

काल सकाळी त्यांनी हाक मारली आणि म्हणाले, “कागद घे. त्याला लिही की मला आज कळलं.”

“आणि तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं ते?”

“ते लिहिलंस तर तो येईल?”

“नाही येणार.”

“मग? मला एकदा त्याचा हात हातात हवाय. मग काय व्हायचं ते होवो. तुझ्यावर तो रागावलेलाच आहे. आणखी थोडा रागावेल.”

माझ्या वाट्याचं आणखी थोडं. त्यांना यात काही वावगं वाटलंच नाही. बाजारातून येताना आणखी एक पिशवी धर म्हणावं, तसं म्हणाले. मी लिहून घेतलं. त्यांनी दोनदा वाचून दाखवायला लावलं. “बाप फसला होता” हे वाक्य त्यांनी स्वतः सांगितलंय, त्यात माझा शब्द नाही. तो कागद मी तसाच पाठवते आहे. त्यातलं, त्यांना तुला भेटावंसं वाटतं, हे खरं आहे. एवढं मात्र खरं आहे. रात्रीतून दोनदा त्यांनी तुझी गाडी किती वाजता पोचेल ते विचारलं.

आज सकाळपासून ते दाराशी खुर्ची मागून बसले आहेत. पत्र अजून गेलेलंच नाही, तू चार दिवसांच्या आत पोचू शकत नाहीस, हे सांगून पाहिलं. “पाऊल ओळखायची सवय मोडली असेल, जरा ऐकत बसतो,” म्हणाले. रस्त्यावरून जो जाईल त्याच्या चपलांकडे कान लावतात आणि मान हलवतात, हा नव्हे.

त्यांचं म्हणणं पाळलं असतं तर तू आला असतास. त्यांच्या शेवटच्या दिवसांत त्यांचा हात धरून बसला असतास, दोघं रडला असतात, मी स्वयंपाकघरात राहिले असते. ते निवांत गेले असते. तूही हलका होऊन परत गेला असतास. मला कालपासून हे एवढं स्पष्ट दिसतंय की लिहिताना हात थांबतो. एका म्हाताऱ्या मरणाऱ्या माणसाचा हा एवढा हट्ट मी मोडते आहे, आणि त्याने माझं आयुष्य खाल्लं म्हणून मोडते आहे की काय, हेही मला नीट कळत नाही. असेलही.

पण तू एकदा मला भर दवाखान्यात विचारलं होतंस आणि मी लक्ष नव्हतं म्हटलं. आता तू विचारलेलं नाहीस, तरी ते पुन्हा म्हणणं मला जमायचं नाही. ये किंवा येऊ नकोस. तुझ्याजागी मी असते तर काय केलं असतं, ते मला विचारू नकोस.

पाकीट बंद केलं होतं. पुन्हा फोडून हे खाली लिहिते आहे, टपाल कचेरीतल्या बाकावर बसून.

निघताना बाबा म्हणाले, “दे इकडे, एकदा हातात धरू दे.” मी दिलं. त्यांनी पाकीट दोन बोटांत धरलं, अंगठा कडेवरून फिरवला, हलकंच वाकवून पाहिलं.

“मी एक कागद सांगितला होता.”

“हो.”

“हे पाच-सहा आहेत.”

“सहा.”

“बाकीच्यांत काय आहे?”

“तुम्हाला ठाऊक आहे ते.”

ते रागावतील, फाडतील असं वाटलं. त्यांच्या हातात होतं, फाडता आलं असतं. ते पाकीट मांडीवर ठेवून बसून राहिले. समोरून दोन माणसं बोलत गेली, एक बाई गेली, त्यांनी कोणाकडेही कान दिला नाही. मग पाकीट माझ्या दिशेने पुढे केलं, जरा चुकीच्या बाजूला, मी वळून घेतलं.

“डिंक नीट लाव,” म्हणाले. “आणि जायच्या आधी खुर्ची आत घे.”

मी त्यांना धरून उठवलं, पलंगावर बसवलं आणि खुर्ची आत घेतली.

ताई